माशांचे मीठ

पाककृतींच्या पुस्तकांत प्रत्येक जिनसाचे माप दिलेले असते. दोन वाट्या डाळ, पाव चमचा हिंग, लिंबाएवढी चिंच. मिठापाशी आले की मात्र लेखिकाबाई एकदम हात झटकतात आणि लिहितात, ‘मीठ चवीपुरते’. ह्या एका शब्दाच्या आधारावर आमच्या घरातल्या बायकांच्या कैक पिढ्यांनी संसार केले. माझी आई नैवेद्याचा स्वयंपाक करी तेव्हा तर चाखून पाहण्याचीही सोय नसे. देवाच्या आधी आपली जीभ लावायची नाही. पंचवीस पानांच्या आमटीवर ती मूठ किंचित सैल करी, मीठ वाळूसारखे बोटांतून ओघळे आणि मग मूठ मिटे. ती कुठे मिटायची हे तिला कोणी शिकविले नव्हते. पण पंगत उठेपर्यंत कुणी मिठाची वाटी मागितली, असे मला आठवत नाही. पुढे माझ्याही हाताला चव आहे असा लौकिक झाला, आणि तो मी, खोटे कशाला बोलू, मोठ्या अभिमानाने मिरवला.

तेव्हा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहरातल्या एका घराच्या तळघरात काटा मांडून मीठ तोलत बसण्याची पाळी माझ्यावर यावी, ही थट्टाच म्हणायची. आणि तेही माणसांसाठी नव्हे, माशांसाठी!

माझा मुलगा गेली बारा वर्षे तिकडे आहे. त्याच्या दिवाणखान्यात एक काचेची टाकी आहे. तिच्यात १८० लिटर पाणी मावते. लोक घरी मासे पाळतात त्या जातीची ही टाकी नव्हे. हिच्यात समुद्र आहे. तळाशी पांढरी वाळू, मध्ये सच्छिद्र दगडांचा ढीग, आणि त्या दगडांवर पोवळी. पोवळे म्हटले की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे मंगळाची अंगठी येते. हे पोवळे जिवंत असते. कुठे बटणाएवढ्या फुलांचा गालिचा, कुठे हरणाच्या शिंगासारखी फांदी, कुठे मेंदूसारखा गोळा. आणि ही सारी फुले म्हणजे झाडे नव्हेत, तोंड आणि हात असलेले बारीक प्राणी. त्यांतून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे दिवसभर फिरत असतात. ही पोवळी समुद्रातून ओरबाडून आणलेली नव्हती. तिकडचे शौकीन आपल्या टाकीतल्या पोवळ्याचा तुकडा तोडून दुसऱ्याला देतात, जशा आपण तुळशीच्या मंजिऱ्या शेजारणीला देतो. मासेही टाकीतच जन्मलेले. आपल्याकडे हा शौक असा करता येणार नाही. मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना कवच आहे, आणि ते आहे हे उत्तमच आहे.

क्लीव्हलंड सरोवराच्या काठी आहे. ईरी त्याचे नाव. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला शिरोड्याच्या वेळेवरच उभी असल्यासारखे वाटले. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, पक्षी ओरडतात. चप्पल काढून पाण्यात उतरले, ओंजळभर पाणी तोंडात घेतले, आणि फसवले गेल्यासारखे झाले. गोडे पाणी! मीठ नाही ते नाहीच. मग मुलगा हसून म्हणाला, “आई, मीठ आहे, पण खाली.” सरोवराच्या तळाखाली सुमारे अठराशे फुटांवर मिठाची खाण चालते. चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी ह्या प्रदेशावर उथळ, उबदार समुद्र होता, तो आटला आणि त्याचे मीठ थरांनी गाडले गेले. त्या काळच्या समुद्रात पोवळ्यांचे बांधही होते. म्हणजे माझ्या मुलाने बर्फाच्या मुलखात पोवळी आणली हे काही अगदीच जगावेगळे नव्हते. तो जुन्या भाडेकरूंना परत घेऊन आला होता, इतकेच.

ते खाणीतले मीठ लोक खात नाहीत, रस्त्यावर टाकतात. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून गाड्या भरभरून रस्त्यांवर मीठ पसरले जाते. सांडलेल्या मिठाचे कण पापण्यांनी वेचावे लागतील म्हणून आम्हाला लहानपणी धाक घालीत. त्या आमच्या आजीने हे पाहिले असते तर तिने जागीच प्राण सोडला असता.

मुलाच्या घरात असे चार प्रकारचे मीठ होते. दारापुढच्या पायऱ्यांवर टाकायचे भरड मीठ, पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्रात घालायच्या मिठाच्या वड्या, स्वयंपाकातले मीठ, आणि टाकीच्या समुद्राचे मीठ. पहिली दोन आणि शेवटचे तळघरात शेजारी शेजारी असत. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने त्यांवर कागद चिकटवले आणि मराठीचा सराव म्हणून माझ्याकडून अक्षरे गिरवून घेऊन लिहिले: ‘रस्त्याचे’, ‘नळाचे’, ‘माशांचे’. ‘माशांचे’ ह्यातला ‘शां’ तिने तीनदा खोडला होता.

मी तिकडे गेले ती सूनबाईच्या बाळंतपणासाठी. २०२३ च्या नोव्हेंबरात पोहोचले. जानेवारीच्या अखेरचे दिवस भरत होते. पण डिसेंबरच्या सुरुवातीला सूनबाईचा रक्तदाब वाढू लागला, पायांवर सूज आली, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी तिला बत्तिसाव्या आठवड्यात इस्पितळात ठेवून घेतले आणि सांगितले की बाळंतपण होईपर्यंत घरी जायचे नाही. निघताना मी मीठमोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढली. ती शास्त्रज्ञ बाई, पण निमूटपणे उभी राहिली. “आई, चिमटीत जास्त घ्या,” एवढेच म्हणाली. मुलगा कामावरून परस्पर इस्पितळात जाई आणि रात्री उशिरा येई. घरात उरलो मी, नात, आणि ती टाकी.

टाकीचे काय काय करायचे ते मुलाने एका वहीत लिहून दिले. माशांना खाणे घालणे मला जमण्यासारखे होते. काच पुसणे जमण्यासारखे होते. दर रविवारी वीस लिटर पाणी काढून तितके नवे, खारे पाणी घालायचे, हे कलम आले तेव्हा मी विचारले, “मीठ किती?” तो म्हणाला, “एक किलो पाण्यात पस्तीस ग्रॅम झालं पाहिजे.” मी म्हटले, “अंदाजे?” तो म्हणाला, “नाही गं आई. पस्तीस.”

आता, मी शिरोड्याची. आमच्या गावी मिठागरे. १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, तो माझ्या जन्माआधीचा. त्या काळी वि. स. खांडेकर गावच्या शाळेत शिकवीत, हे सांगताना आमच्या वडिलांची मान ताठ होई. सांगायचा मुद्दा असा की खाऱ्या पाण्याविषयी मला कोणी काही शिकवावे असे मला वाटत नव्हते. मी मुलाला म्हटले, “एवढ्या महागाचे हे पिंप कशाला आणतोस? आगरातले चांगले मीठ पाण्यात घातले की समुद्रच तो. समुद्रातून आले, पाण्यात गेले.”

त्यावर त्याने मला माझ्याच गावची गोष्ट सांगितली, आणि मी ती डोळ्यांनी पाहिलेली असून कधी लक्षात घेतली नव्हती. मिठागरात भरतीचे पाणी एका मोठ्या वाफ्यात घेतात. ते तापले की पुढच्या वाफ्यात सोडतात, मग त्याच्या पुढच्या. मीठ धरते ते शेवटच्या वाफ्यांत, पाणी आटून दहाव्या हिश्शावर आल्यानंतर. पण त्याआधीच्या वाफ्यांतही पाणी काहीतरी टाकीत आलेले असते. तळाला आधी चुना बसतो, मग जिप्सम. म्हणजे समुद्रातले कॅल्शियम वाटेतच उतरले. आणि मीठ ओढून घेतल्यावर जे कडू, तेलकट पाणी उरते ते आगरी बाहेर सोडून देतात, त्या कडूपणातच बहुतेक मॅग्नेशियम जाते. आपल्या हाती राहते ते जेवणाचे मीठ. ते पुन्हा पाण्यात घातले तर खारे पाणी होईल, समुद्र होणार नाही. आणि पोवळ्याला तर आपला सांगाडा बांधायला नेमके ते वाटेत उतरलेले कॅल्शियमच हवे.

एक किलो समुद्राच्या पाण्यात पस्तीस ग्रॅम क्षार धरले, तर सोडियम आणि क्लोरीन ह्या दोघांनीच तीस ग्रॅम व्यापलेले असतात. उरलेल्या पाचांत गंधकाचा सल्फेट, सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. मग ब्रोमीन, स्ट्रॉन्शियम वगैरे मंडळी चिमटीचिमटीने. मौजेची गोष्ट अशी की पृथ्वीवरच्या मोकळ्या समुद्रात कुठेही जा, पाणी थोडे कमी खारे असेल, थोडे अधिक असेल, पण ह्या मंडळींचे आपापसांतले प्रमाण जवळजवळ तेच राहते. ‘चॅलेंजर’ नावाचे इंग्रजी जहाज १८७२ ते १८७६ ह्या काळात महासागर धुंडाळीत फिरले. त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार ह्या रसायनशास्त्रज्ञाने एकेक तपासले आणि १८८४ साली हे पक्के केले. मला ह्या डिटमारविषयी फार आदर वाटू लागला आहे. सत्त्याहत्तर बाटल्यांत तेच तेच निघते हे पाहण्यासाठी सत्त्याहत्तरावी बाटलीही पहिलीइतक्याच काळजीने तोलायची, हे सोपे नाही.

त्याच्याही तीस वर्षे आधी, १८५४ साली, फिलिप हेन्री गॉस ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने घरच्या घरी समुद्र कालवून पाहिला होता. लंडनला समुद्राचे पाणी आणवणे कटकटीचे. त्याने साधे मीठ, एप्समचे मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशी चार क्षारांची पुडी बांधली, पाण्यात घातली, आणि तीत समुद्रातले जीव सोडले. मुलाच्या कपाटातल्या पुस्तकात हे वाचले तेव्हा मला गॉससाहेब आमच्यातलाच वाटला. एप्समचे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. हे नाव ध्यानात ठेवा, ते पुढे येणार आहे.

तर आमचा रविवार. आधी पाणी. नळाचे चालत नाही. त्यातले क्लोरीन जिवांना बाधते, आणि शिवाय त्यात काय काय असते ते पाइपांनाच ठाऊक. चार नळकांड्यांच्या गाळणीतून थेंबथेंब गाळलेले वीस लिटर पाणी आदल्या रात्रीपासून पिंपात साठवायचे. गाळणीनंतरच्या मापकावर शून्य दिसले पाहिजे. मग त्यात छोटा पंप सोडायचा, म्हणजे पाणी घुसळत राहते, आणि एक तापक, म्हणजे ते २५ अंशांवर येते. डिसेंबरातल्या तळघरातले पाणी हात घातला तर बोटे बधिर करणारे. ते तसेच टाकीत ओतणे म्हणजे झोपलेल्या माणसावर बर्फ ओतणे.

मग मीठ. पिंप आधी आडवे करून लोळवायचे, कारण जड-हलके क्षार वाहतुकीत वेगळे होऊन थर धरतात. मीठ पाण्यात घालायचे, पाणी मिठावर नाही. हे मला पटायला वेळ लागला. कणीक भिजवताना आपण पाणीच पिठात घालतो. पण मिठाच्या ढिगावर थोडे पाणी पडले की तेवढ्या पाण्यात सगळ्यांची दाटी होते, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि पांढरी साय होऊन तळाशी बसतात. पुन्हा तोच मिठागराचा पहिला वाफा! एकदा खाली बसलेले मग सहज विरघळत नाही.

पिंपावर लिहिले होते, लिटरला ३८ ग्रॅम. वीस लिटरला ७६० ग्रॅम झाले. तुम्ही म्हणाल, पस्तीस हवे आणि अडतीस का? कारण कोरड्या दिसणाऱ्या मिठातही पाणी असते. काही क्षार तर पाणी पोटात घेऊनच खडा होतात, आणि पिंप उघडे राहिले तर हवेतली ओल वेगळीच. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीचे काय होते ते आपण जाणतोच. म्हणून काट्यावरचा आकडा ही नुसती सुरुवात. आम्ही ७०० ग्रॅम घालीत असू, मग थांबून पाणी नितळ होऊ देत असू, मग मोजून दहा-दहा ग्रॅमनी वर चढत असू. आमटीत मीठ कमी असले तर घालता येते, हे तत्त्व इथेही लागू होते, आणि ते नातीला सांगताना मला जरा बरे वाटले.

मोजायचे ते एका दुर्बिणीसारख्या नळीने. तिच्या तिरक्या काचेवर पाण्याचे दोन थेंब ठेवायचे, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळे आणि पांढरे असे दोन भाग दिसतात, त्यांची सीमा ज्या रेघेवर पडेल तो खारटपणा. पाणी जितके खारट तितका प्रकाश अधिक वाकतो, एवढेच त्यामागचे शास्त्र. नात ह्या कामात पटाईत. मला आधी चष्मा वर करावा लागे, मग खाली, मग आकडे शोधावे लागत, तोवर ती “पस्तीस!” म्हणून मोकळी होई.

एवढे काटेकोर कशाला, हा प्रश्न माझ्या मनातून काही जात नव्हता. आमच्या खाडीत मी काय पाहिले होते? मे महिन्यात पाणी इतके खारे की पायांवर सुकले तर पांढरे चट्टे उठत, आणि जुलैत डोंगरांवरून लोंढे आले की तेच पाणी गढूळ आणि जवळजवळ गोडे. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दोन्ही महिन्यांत असत. खडकांवरची कालवे शिंपले मिटून बसत आणि दिवस काढीत. त्यांना कोण पस्तीस ग्रॅम मोजून देत होते?

उत्तर त्याच प्रश्नात होते. खाडीचा जीव बदलत्या पाण्यातच वाढला, त्याने सोसण्याची युक्ती अंगी बाणवली. पोवळे ज्या मोकळ्या समुद्रात वाढले त्याने त्याला कधी फसवलेच नाही. तिथे वर्षानुवर्षे पाणी जवळपास तेच. तांबड्या समुद्रात चाळिसाच्या घरातल्या खारटपणात पोवळी सुखाने राहतात, पण ती तिथलीच. म्हणजे आकडा थोडा इकडे-तिकडे असला तरी चालेल, तो रोज बदलून चालत नाही. आणि टाकीचा समुद्र तर सदा बदलायला टपलेला. घरात शेगडी चालू, हवा कोरडी, रोज दोन-अडीच लिटर पाणी उडून जाते. पाणी उडते, मीठ उडत नाही. त्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. खारे पाणी टाकणारा मनुष्य आपली टाकी दिवसेंदिवस मिठागर करीत असतो. मुलाने ह्यासाठी एक तरंगता बोंडा बसवला होता. पातळी उतरली की आपोआप गोडे पाणी सुटे.

इतके सगळे असूनही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बटणांचा गालिचा मिटला. पहिल्या दिवशी आम्ही म्हटले, थंडी असेल. दुसऱ्या दिवशी शिंगाच्या पोवळ्याने आपले केस आत घेतले. गोगलगाय काचेवरून खाली पडून तशीच राहिली. नळीत पाहावे तर पस्तीस. वहीत पाहावे तर तीन महिने पस्तीस. नात शाळेतून आली की दप्तर न टाकता टाकीपुढे जाऊन उभी राही. रात्री अंथरुणात तिने मला विचारले, “आजी, टँक मरतोय का?” आणि मग, भिंतीकडे तोंड करून, “आईला कुणी सांगू नका.”

मुलाला फोन केला तर तो इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून बोलत होता. म्हणाला, “नळी तपासून बघा. मी ती नेहमी गाळलेलं पाणी घालून शून्यावर लावतो, पेटीतल्या कागदावर तसंच लिहिलंय. पण शून्य बरोबर असलं म्हणून पस्तीस बरोबर असेलच असं नाही.” ते मला लगेच समजले. आमच्या गावी एका वाण्याचा तराजू रिकामा असताना अगदी सरळ उभा राही. शेरभर माल घातला की काय ते कळे.

म्हणजे ज्याचा आकडा ठाऊक आहे असे पाणी हवे. जगातले समुद्रशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभापासून ह्यासाठी काचेच्या नळ्यांत मोहोरबंद केलेले प्रमाण पाणी वापरीत आले. ते बरीच दशके कोपनहेगनहून येई, मग इंग्लंडातून येऊ लागले. आमच्या तळघरात कोपनहेगन कुठले? पण मुलाने दुसरा उपाय सांगितला. ३६.५ ग्रॅम जेवणाचे मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले की ते पाणी प्रकाशाला नेमके तितके वाकवते जितके पस्तिसाचे समुद्राचे पाणी वाकवते. त्यात मासे जगणार नाहीत, पण नळीची परीक्षा होईल. त्याच्याकडे कॉफीचे दाणे तोलायचा एक काटा होता, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंतचा. आम्ही दोघी रात्री नऊ वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलो. ३६.४ झाले. मी चिमटीने पाच-सहा कण टाकले. ३६.५. माझ्या चिमटीने आयुष्यात इतके लहान काम कधी केले नव्हते, आणि ते करताना श्वास रोखला गेला हे मी कबूल करते.

नळीने त्या पाण्याला बत्तीस म्हटले.

नात क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने बोटांवर हिशेब केला. नळी तीन कमी सांगते. म्हणजे टाकी पस्तीस नव्हे, अडतीस. तिचा चेहरा एकदम उजळला. आता दोष सापडला होता, म्हणजे तो काढता येणार होता! “आजी, आत्ताच्या आत्ता गोडं पाणी घालू. सगळं!”

मुलाने तेवढे मात्र निक्षून सांगितले होते. जे आठवड्यांनी वर गेले ते एका रात्रीत खाली आणायचे नाही. दिवसाला अर्धा, त्याहून जास्त नाही. मी नातीला शेजारी बसवून आमच्या शाळेतले त्रैराशिक शिकवले. अडतिसातून अर्धा घटवायचा तर १८० लिटरांतले किती पाणी बदलावे? उत्तर आले २.४ लिटर. रोज संध्याकाळी तेवढे खारे पाणी काढायचे, तेवढेच गोडे पाणी नळीने थेंबथेंब सोडायचे. सहा दिवस. ती रडकुंडीला आली. सहा दिवसांत ते मेले तर? मी म्हटले, “एकदम ओतलं तर आज मरतील.” नवा मासा आणतानाही असेच करतात; पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब मिसळतात, मग त्याला सोडतात. मला क्लीव्हलंडला येऊन महिना झाला होता आणि अजून रात्री दोनला जाग येत होती, त्यामुळे माशाची बाजू मला आपोआप कळत होती.

तिसऱ्या दिवशी इस्पितळातून निरोप आला की आता थांबता येणार नाही. चौतिसावा आठवडा होता. नातीला शेजारच्या घरी ठेवून मी गेले. सूनबाईच्या हाताला शिरेतून थेंबथेंब काही जात होते. मी मुलाला विचारले, हे काय? तो म्हणाला, “मॅग्नेशियम सल्फेट. झटके येऊ नयेत म्हणून.” गॉसच्या पुडीतले एप्समचे मीठ! मी तोंडातून अक्षर काढले नाही. नर्स दर तासाला येई, यंत्रावरचा आकडा वहीत लिही, आणि एका रबरी हातोडीने सूनबाईच्या गुडघ्यावर हलकेच ठोके. पाय उडाला की ती समाधानाने पुढे जाई. मला वाटले ही काहीतरी इकडची रीत असेल. मुलाने सांगितले, हे औषध कमी पडले तर झटका येऊ शकतो, जास्त झाले तर आधी पायाचे उडणे थांबते आणि मग श्वास मंदावतो. म्हणून तासातासाला गुडघा. ती नर्स माझ्या सूनबाईच्या निम्म्या वयाची असेल. त्या रात्री तिने नऊ वेळा हातोडी मारली, मी मोजले. नवव्या वेळी मी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि तिनेही हलवली. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती.

पहाटे नातू झाला. एक किलो नऊशे ग्रॅम. त्यालाही लगेच तोलले, आणि पुढचे दोन आठवडे तो काचेच्या पेटीत होता, ठरावीक उबेत, नाकात बारीक नळी घालून, ठरावीक मिलिलिटर दूध घेत. मुलगा त्या पेटीपुढे तसाच उभा राही जशी त्याची मुलगी टाकीपुढे.

घरी टाकीचे सहा दिवस चुकले नाहीत. मी इस्पितळात होते त्या संध्याकाळी नातीने शेजारच्या काकूंना हाताला धरून घरी आणले आणि त्यांच्याकडून २.४ लिटर पाणी काढून घेतले. वहीत तिने इंग्रजीत नव्हे, मराठीत लिहून ठेवले होते: ‘आज केले. ३६.५. भाऊ झाला.’ चौथ्या दिवशी गालिच्यातली पाच-सहा बटणे अर्धी उघडली. सहाव्या दिवशी सगळी उघडली नव्हती, पण शिंगावरचे केस बाहेर आले होते. गोगलगाय मात्र गेली. तिला आम्ही अंगणात बर्फाखाली पुरले, कुदळ लागेना म्हणून पायऱ्यांवरचे ‘रस्त्याचे’ मीठ थोडे टाकून.

जानेवारीत सूनबाई आणि बाळ घरी आले. मी बारशाचा स्वयंपाक केला, आणि तो चवीपुरताच; काटा ओट्यावरच होता, पण त्याला हात लावला नाही. पाहुण्यांतल्या एका बाईंनी आमटीची कृती लिहून मागितली आणि मिठाचे माप विचारले. मी ‘चवीपुरते’ म्हणाले, तर नात पलीकडून ओरडली, “आजी, ग्रॅम सांग!”

मे महिन्यात मी परत आले. आता रविवारचे पाणी ती स्वतः कालवते आणि सकाळी दहाला, म्हणजे आमच्याकडे सायंकाळी साडेसातला, फोन करून आकडा सांगते. नळी दर महिन्याला ३६.५ च्या पाण्याने तपासते. परवाच्या रविवारी म्हणाली, सीमा पस्तिसाच्या रेघेच्या किंचित खाली आहे, अगदी केसभर, दोन ग्रॅम घालू का? मागे तिच्या भावाचे काहीतरी आपटण्याचे आवाज येत होते. मी विचारले, पंप चालू आहे ना? पाणी नितळ झाले का? ती म्हणाली, नाही, अजून थोडे धुरकट आहे. मी म्हटले, मग तासाभराने पुन्हा बघ.